शाळा उठली की गाव उठायला किती वेळ?

मे महिना लागला. राब भाजून झाले, लग्नांची धामधूम चालू आहे, वीटभट्टीवर गेलेली माणसं परतली आहेत. नेमक्या याच दिवसांत पाड्यावर जीप येते. उतरणारा माणूस पुष्कळदा आपल्यातलाच असतो, आपली बोली बोलतो. हातात रंगीत कागद. कागदावर टाय घातलेली पोरं, तीन मजली इमारत, कॉम्प्युटरची खोली. तो सांगतो, काका, एक पैसा लागायचा नाही. राहणं, खाणं, कपडे, सगळं सरकार देतं, आणि शाळा इंग्रजी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो काढून ठेवा, इथं सही करा. सही येत नसेल तर अंगठा.

वनदाव्यांच्या बैठकीला आम्ही ज्या ज्या पाड्यावर गेलो, तिथं दाव्याचं बोलणं संपलं की माणसं हाच विषय काढतात. पोर कुठं घालू? गावच्या झेडपीच्या शाळेत ठेवू, आश्रमशाळेत टाकू, की त्या इंग्रजी शाळेत पाठवू? काही साथी म्हणाले, जमिनीच्या पत्रकात शाळेचं काय काम? काम आहे, आणि ते काय आहे ते पुढे येईलच. म्हणून या खेपेला दाव्यांच्या बातम्या मागच्या पानावर टाकून हा विषय पुढे घेतला आहे.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इंग्रजीला आमचा विरोध नाही. पोरानं शिकून मोठं व्हावं असं वाटणाऱ्या आईबापाला आम्ही नावं ठेवणार नाही. आमचा विरोध आहे तो या गोष्टीला, की एकेका घराला एकटं गाठून, रातोरात सही घेऊन, अख्ख्या पाड्याची शाळा संपवली जाते, आणि ज्यानं सही केली त्यालाही ते दोन वर्षांनी कळतं.

माणसं पोर बाहेर का पाठवतात, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. मोखाड्याकडच्या एका बैठकीत एक बाई उभी राहिली. म्हणाली, "मास्तर आठवड्यातून तीनदा येतो. आला तरी मोबाईलवर माहिती भरत बसतो. माझी पोरगी चौथीला गेली, तिला स्वतःचं नाव नीट लिहिता येत नाही. तुम्ही मला सांगता गावची शाळा वाचवा. मी पोरगी वाचवू की शाळा वाचवू?" बैठक गप्प झाली. तिला कुणी उत्तर दिलं नाही, कारण तिचं खोटं नव्हतं.

पण तिचा प्रश्न नीट ऐका. गावची शाळा नको असं ती म्हणालीच नाही. गावच्या शाळेत शिकवत नाहीत, एवढंच ती म्हणाली. आता या दोन गोष्टी एकच आहेत असं आपल्या मनावर कोण ठसवतंय, ते बघा.

गावच्या शाळेत मास्तर का टिकत नाही? पद भरलेलं नसतं. भरलं तर घाटावरचा माणूस येतो, त्याला आपली बोली येत नाही, त्याचा जीव बदलीत अडकलेला. आपली पोरं डी.एड. होऊन घरी बसली आहेत, नाक्यावर मजुरीला उभी राहतात. २०१४ साली राज्यपालांनी अधिसूचना काढली की अनुसूचित क्षेत्रातली शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशी पदं तिथल्याच आदिवासींतून भरायची. ती भरती पुढे कोर्टकचेरीत अडकली. ज्या पोरीला कातकरी पोराशी त्याच्या बोलीत बोलता येतं ती बांधावर गवत कापते, आणि वर्गातली खुर्ची रिकामी. वरून सरकार म्हणतं की झेडपीच्या शाळेचा दर्जा घसरला, लोकांनाच ती नको झाली आहे.

आणि हेच सरकार त्याच लोकांच्या नावानं खाजगी शाळेला पैसे मोजतं. योजनेचं नाव आहे नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळा. २०१०-११ च्या सुमाराला ती सुरू झाली. आदिवासी पोर पहिलीत उचलायचं, लांबच्या निवासी शाळेत ठेवायचं, आणि फी आदिवासी विकास खात्यानं भरायची. शाळेचा दर्जा जसा, तशी फी, एका पोरामागे वर्षाला ७० हजार रुपयांपर्यंत. हा पैसा शाळेच्या मालकाचा नाही, आमदाराचा तर नाहीच नाही. आदिवासींच्या विकासासाठी म्हणून राखलेला, म्हणजे तुमचा-आमचा पैसा आहे. एका पाड्यावरून सात पोरं गेली तर हिशेब करा, वर्षाला पाच लाखांच्या आसपास. तेवढ्यात पाड्याच्या शाळेला एक जादा बाई, एक इंग्रजी शिकवणारा, गळकं छप्पर, पाण्याची टाकी, सगळं होऊन वर उरलं असतं. त्यासाठी मात्र पैसा नसतो.

गोष्ट नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यातला मुद्दा हाच होता. महसूल रयतेच्या कष्टातून गोळा होतो, शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांकडे वळतो, आणि खेड्यातली प्राथमिक शाळा उपाशी राहते. तेव्हा पैसा वरच्यांच्या पोरांवर जात होता. आता आपल्या पोरांचं नाव लावून तो शाळामालकांच्या खिशात जातो. एवढी सुधारणा झाली आहे.

आता पटाचं गणित. हे जरा सावकाश वाचा, न वाचता येणाऱ्यांना वाचून दाखवा.

धरा, पाड्यावर पहिली ते चौथीची २४ पोरं आहेत. दोन शिक्षक आहेत. जीप आली, सात पोरं नामांकितला गेली. आश्रमशाळेचे मास्तरही उन्हाळ्यात फिरतातच, त्यांनाही पट लागतो, ते चार पोरं घेऊन गेले. राहिली १३. पुढच्या वर्षी वरून सांगितलं, इतक्या पोरांना दोन शिक्षक कशाला? एकाची बदली. आता एकच मास्तर चार इयत्ता शिकवणार, पोषण आहाराचा हिशेब लिहिणार, केंद्राच्या बैठकीला जाणार, माहिती भरणार. तो बैठकीला गेला की शाळेला कुलूप. ते कुलूप बघून ज्यांचा मामा-काका तालुक्याला आहे त्यांनी आपली पोरं तिकडे नेली. राहिली नऊ. ती नऊ कुणाची? विधवा बाईची दोन, कातकऱ्यांची चार, आणि दिवाळी झाली की भट्टीवर जाणाऱ्यांची तीन. मग तालुक्याहून कागद येतो. पट दहाच्या आत, शाळा बंद, पोरं तीन किलोमीटरवरच्या शाळेत जातील. मध्ये ओहोळ आहे, पावसाळ्यात त्याला कमरेएवढं पाणी असतं, हे त्या कागदात नसतं.

यातलं कुठलंच घर वाईट वागलं नाही. प्रत्येकानं आपल्या पोराचं भलंच पाहिलं. तरी शाळा गेली, आणि सगळ्यात गरीब घरांची गेली. फॉरेस्टनं आपल्याशी हेच केलं होतं, आठवा. एकेकाला गाठायचे, एकेकाचा कोयता उचलायचे, एकेकाकडून दंड घ्यायचे, आणि प्रत्येकाला वाटायचं की आपल्यापुरतं मिटलं. दंडाची पावती एकेकट्यानं फाडणं बंद केलं आणि सगळे मिळून रेंज ऑफिसवर गेलो, तेव्हा कुठे वनहक्काचे फॉर्म हातात पडले.

हे काही आम्ही मनचं सांगत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारनं दहापेक्षा कमी पटाच्या १३०० हून जास्त शाळा बंद करून पोरं दुसऱ्या शाळांत घालायचं ठरवलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं पत्र काढलं, २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचे प्रस्ताव पाठवा. अशा शाळा राज्यात १४ हजारांच्या वर, त्यात पावणेदोन लाखांहून जास्त पोरं. नमुना म्हणून नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत दाखवलं. ओरड झाली, विधानसभेत प्रश्न निघाले, मंत्री म्हणाले शाळा बंद करत नाही, एकत्र करतो. पाड्यावरच्या पोराला या दोन शब्दांतला फरक कळत नाही. त्याच्या दारासमोरची शाळा नाही, एवढं कळतं.

कायदा काय म्हणतो? २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक पोराला जवळच्या शाळेत फुकट शिक्षण. आपल्या राज्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. त्या नियमात २० पोरांचा आकडा आहे तो नवी शाळा काढायच्या संदर्भात. चालू शाळेला कुलूप लावायला तो आकडा लिहिलेला नाही. आणि कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट आहे, पहिली ते पाचवीला ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक. साठपर्यंत म्हणजे १३ ला सुद्धा दोन आणि नऊला सुद्धा दोन. पट कमी म्हणून दुसरा शिक्षक काढला असं कुणी म्हणालं, तर त्याला हे परिशिष्ट दाखवा. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती सोडून दुसरं बिगरशिक्षणाचं काम शिक्षकाला लावता येत नाही, कलम २७. मास्तर मोबाईलवर काय भरतोय ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. त्याला विचारा, पण त्याच्यावर ओरडू नका, तो भरून घेणाऱ्यावर ओरडा.

याच कायद्यात खाजगी शाळेतल्या २५ टक्के जागा गरिबांना द्यायचं कलम आहे. शहरात त्याच्यावरून मोठी भांडणं होतात. आपल्या पाड्यापासून जवळ खाजगी शाळाच नाही, तेव्हा त्या कलमाचा आपल्याला उपयोग किती ते सांगायला नको.

आता जमिनीचं.

वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर मिळतो. तो विकता येत नाही, वारसानं पोरांकडे जातो. वारस म्हणजे तेच पोर, ज्याला आपण सहाव्या वर्षी जीपमध्ये बसवतोय. ते पोर दहा वर्षं बाहेर राहून येईल तेव्हा त्याला आपल्या प्लॉटची हद्द दाखवता येईल का? दाव्याला पुरावा म्हणून नियम १३ मध्ये काय काय चालतं? जुनं घर, बांध, झाडं, देवाची जागा, स्मशान, आणि म्हाताऱ्या माणसांचा जबाब. आज म्हातारा आजा उभा राहून सांगतो की त्या ऐनापासून ओहोळापर्यंत माझ्या बापानं नागली केली. उद्या हे सांगणारा कोण? शेवळी कधी उगवते, ती काकडाबरोबर का शिजवायची, नाहीतर घसा का खाजतो, हे ज्या पोराला ठाऊक नाही त्याच्यापुढे सामूहिक वनहक्काचा नकाशा ठेवला तर तो त्याला फॉरेस्टचाच नकाशा वाटेल. काही शाळांत गॅदरिंगला पाहुण्यांसमोर याच पोरांना तारपा नाचायला लावतात, आणि वर्गात वारली बोललं की दंड करतात.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात तुमच्या बापाचं, काही ठिकाणी आज्याचं नाव लिहिलेलं आहे. जात, जन्मतारीख, गाव, सगळं. जात पडताळणीला समिती काय मागते? बापाचा, आज्याचा, चुलत्याचा शाळेचा दाखला, आणि १९५० च्या आधीचा कागद असेल तर उत्तम. नोकरीला लागलेल्या पोरांना विचारा, त्या एका नोंदीसाठी किती हेलपाटे घातले. शाळा बंद झाली की रजिस्टर कपाटासकट दुसऱ्या शाळेत जातं. तिथून ते कुठे जाईल, वाळवी खाईल की हरवेल, हे तुमच्या हातात राहत नाही. ज्यांच्याकडे सातबारा नव्हता, घरपट्टीची पावती नव्हती, अशा माणसांचं गावात असणं सरकारी शाईनं जिथं लिहिलं गेलं, ते हे रजिस्टर.

आणि तिसरी. धरणवाला, अभयारण्यवाला, खाणवाला अशा कुणाचाही माणूस गाव उठवायला येतो तेव्हा पहिलं वाक्य काय बोलतो? तुमच्या गावात रस्ता नाही, दवाखाना नाही, शाळा नाही, इथं राहून काय करता, खाली चला, सगळं देतो. आधी शाळा काढून घ्यायची आणि मग शाळा नाही म्हणून गाव खाली न्यायचं, हे दोन वेगळ्या खात्यांचं काम असेल. दोघांनी एकत्र बसून ठरवलं असं आम्ही म्हणत नाही. पण उठायचं आपल्यालाच आहे.

याच्या उलटं कलम आपल्याकडे आहे आणि ते फार कमी गावांनी वापरलं. वनहक्क कायद्याचं कलम ३(२). गावाला शाळेसाठी वनजमीन लागत असेल तर एक हेक्टरच्या आतली जागा मिळू शकते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत, आणि शिफारस ग्रामसभेची पाहिजे. अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची टाकी, रस्ता, यांनाही हेच कलम आहे. मंजुरी डीएफओच्या पातळीवर होते, दिल्लीला फाईल जात नाही. ज्या पाड्यांवर शाळा कुणाच्या पडवीत किंवा समाजमंदिरात भरते आणि बांधकाम का नाही विचारलं तर 'फॉरेस्टची हरकत आहे' असं उत्तर मिळतं, त्यांनी हे कलम पाठ करून ठेवावं.

आश्रमशाळेबद्दल दोनच वाक्यं. ज्यांचं गाव फार लांब आहे, ज्यांना आठवीनंतर पर्याय नाही, त्यांना ती लागणारच आणि ती चांगली चालावी म्हणून आपण भांडतोच. पण तिथल्या पोरांच्या मृत्यूंची कारणं शोधायला सरकारलाच समिती नेमावी लागली, हे विसरू नका. सहा वर्षांचं पोर आईपासून तोडायला मजबुरी असावी लागते, आणि दारात शाळा असताना ती मजबुरी नाही.

आता इंग्रजी. इथं लोक आमच्यावर चिडतात. म्हणतात, तुम्ही शिकलेले आम्हाला सांगता मराठी बरी, आणि साहेबाची पोरं इंग्रजी शिकून आमच्या डोक्यावर बसणार. बरोबर आहे. इंग्रजी पाहिजेच. पण इंग्रजी शिकणं आणि न कळणाऱ्या इंग्रजीतून गणित शिकणं, ही वेगळी कामं आहेत. आपलं पोर घरी वारली, कातोडी नाहीतर कोकणा बोलतं. शाळेतली मराठी हीच त्याला अर्धी परकी. 'पाऊस', 'भांडं', 'बाहुली' असले पुस्तकातले शब्द कळायलाच त्याला सहा महिने जातात. त्याच्यावर पहिल्याच दिवशी इंग्रजी टाकली तर ते घोकून बोलतं, कविता म्हणतं, गुड मॉर्निंग म्हणतं, आणि सुट्टीत घरी आलं की आईबापाला वाटतं, शिकलं. त्याला विचारा, पाच किलो भात, किलोला २२ रुपये, किती झाले? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये सुद्धा लिहिलं आहे की शक्य तिथवर पोराच्या मातृभाषेतून शिकवावं. राज्यघटनेचं कलम ३५०-क तेच सांगतं.

आणि आपल्याच मुलखात हे करून दाखवलेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आल्या, तेव्हा पोरं गुरं राखायला जायची, शाळेत येत नव्हती. त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणून ती प्रसिद्ध झाली. बाया पाड्यावर जाऊन अंगणात बालवाडी घेत, त्यातून अंगणवाडी हा शब्द आपल्याला मिळाला. नर्मदेच्या काठी, अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात, बुडितातल्या गावांनी १९९१-९२ पासून स्वतःच्या जीवनशाळा चालवल्या. सरकारच्या कागदावर शाळा होती, गुरुजी नव्हता, म्हणून लोकांनी कुडाच्या भिंती उभ्या केल्या आणि आपल्याच भागातली पोरं शिक्षक केली. त्या शाळांतून शिकलेली पोरं पुढे पदवीपर्यंत गेली, खेळात गेली. धरणाचं पाणी दारात आलेलं असताना हे झालं. आपल्या दारात अजून पाणी आलेलं नाही.

म्हणून मागणी अशी करा: आमच्या झेडपीच्या शाळेत इंग्रजी नीट शिकवा. पहिलीपासून विषय आहेच, तो शिकवणारा माणूस द्या. पहिली-दुसरीला आमच्या बोलीतून समजावणारी आमचीच डी.एड. झालेली पोरगी द्या. जीपवाल्या शाळेला जे पैसे देता ते इकडे द्या.

एक प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. तुमच्या पुढाऱ्यांची, सरपंचांची, मास्तरांची पोरं कुठं शिकतात? विचारत राहा. ज्या मास्तरचं स्वतःचं पोर तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातं, त्याला आपल्या वर्गाबद्दल काय वाटतं ते त्यानं आधीच सांगून टाकलं आहे. २०१५ साली अलाहाबाद हायकोर्टानं उत्तर प्रदेश सरकारला सांगितलं होतं की सरकारी नोकर आणि लोकप्रतिनिधी यांची पोरं सरकारी प्राथमिक शाळेतच जातील अशी व्यवस्था करा, म्हणजे शाळा आपोआप सुधारतील. सरकारनं ते काही केलं नाही. आपण आपल्यापुरतं करू शकतो. यापुढे शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, ग्रामसभेचा अध्यक्ष, वनहक्क समितीचा सचिव निवडताना हा प्रश्न उघड विचारावा आणि उत्तर वहीत लिहावं, असं आमचं म्हणणं आहे. संघटनेच्या कार्यकर्त्यालाही तोच नियम.

ज्यांची पोरं आधीच बाहेर गेली आहेत त्यांच्यासाठी. घाबरून वर्षाच्या मधेच पोर काढून आणू नका, पोराचे हाल होतील. पण बघायला जा. दिवाळीची वाट बघू नका. दोघं-चौघं मिळून जा, गाडीभाडं वाटून घ्या. ताटात काय आहे, किती पोरं एका खोलीत झोपतात, आजारी पडलं तर दवाखाना कुठं, आपल्या पोरांना वेगळ्या तुकडीत बसवलंय का, हे बघा. आईला बरोबर न्या. बाप इमारत बघतो, आई पोराचं डोकं आणि पाय बघते. योजनेतून काही शाळांची नावं मधेच उडाली आणि पोरं दुसऱ्या जिल्ह्यात हलवली गेली असं झालेलं आहे, तेव्हा शाळेचं नाव यंदाच्या यादीत आहे ना, हे प्रकल्प कार्यालयातून लेखी घ्या. आणि पोराला परत आणायचंच ठरलं तर गावच्या शाळेनं त्याला वयाप्रमाणे वर्गात घेतलंच पाहिजे, वर्षात कधीही. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

भट्टीवर जाणाऱ्यांनी शिक्षण हमी कार्ड घेतल्याशिवाय पोराला नेऊ नये. शक्य असेल तर पोर आज्याकडे ठेवावं आणि हंगामी वसतिगृहाची मागणी दसऱ्याच्या आधीच करावी, दिवाळीनंतर केली तर ते मंजूर होईपर्यंत होळी येते.

आता तातडीचं काम. जूनच्या १५ तारखेच्या आत प्रत्येक गावानं ग्रामसभा घ्यावी. जिथं पाड्याची ग्रामसभा पेसाखाली जाहीर झाली आहे तिथं ती, नाही तिथं गावची. बाया निम्म्या तरी पाहिजेत. फॉर्मवर बापाची सही लागते, पोर आईचं जातं. सभेत पाड्यावरच्या सहा ते चौदा वर्षांच्या सगळ्या पोरांची यादी मोठ्यानं वाचा. कोण कुठल्या शाळेत जातं, कोण कुठंच जात नाही. ज्याला पोर बाहेर पाठवायचं आहे त्यानं का पाठवायचं ते सभेत सांगावं. त्याला कुणी अडवू नये, शिव्या देऊ नयेत. पण त्यानं जे कारण सांगितलं ते ठरावात लिहून घ्या. शिक्षक येत नाही, छप्पर गळतं, इंग्रजी नाही, जे असेल ते. तीच आपली मागण्यांची यादी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया आहेत का, की मास्तरनं घरी बसून नावं लिहिली आहेत, हेही त्याच दिवशी तपासा. जनरल रजिस्टरची पानं मोबाईलवर फोटो काढून ठेवा, ते मास्तरसमोर, त्याला सांगून.

ठरावात एवढं पाहिजेच: पटाच्या कारणावरून आमची शाळा बंद किंवा समायोजित करायला या ग्रामसभेची संमती नाही. ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक हे परिशिष्टाप्रमाणे द्या. इमारतीला वनजमीन लागत असेल तर कलम ३(२) खाली शिफारस याच ठरावात घाला, जागेची निशाणी आणि अंदाजे क्षेत्र लिहून.

ठरावाच्या चार प्रती करा. एक गटशिक्षणाधिकारी, एक प्रकल्प अधिकारी, एक तहसीलदार, एक गावाच्या फाईलला. तिन्ही ऑफिसांत पाच-सहा जणांनी मिळून जा. गावाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. बाबू म्हणेल, साहेब मिटिंगला गेलेत, उद्या या. आवक घ्यायला साहेब लागत नाही, शिक्का बाबूच्याच खणात असतो.